सामान गॅलिशियन, घर हंगेरियन

किस्से कोणी गोळा करत नाही. टेबलावर चहाच्या कपांचे गोल डाग पडतात तसे ते पडत जातात, आणि एके दिवशी लक्षात येतं की नव्या डागाला जागाच उरली नाही. आमच्या छावणीतल्या घरातल्या टेबलावर दोन्ही भरपूर आहेत. माझी बायको मीरा तिथं दर रविवारी टुरिस्ट गाइडांना स्पॅनिश शिकवायची. वर्ग संपला की वाद सुरू व्हायचा, आणि वाद ठरलेला: मराठीला जवळची कोण, गॅलिशियन की हंगेरियन?

गॅलिशियनची बाजू साबीरभाईंची. ते वेरूळचे जुने गाइड. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातून येणाऱ्या पाहुण्यांकडून त्यांनी ही पोर्तुगीजची सख्खी बहीण उचलली होती. हंगेरियनची बाजू मीराची. लेण्यांचा अभ्यास करायला आलेली युदित नावाची हंगेरियन मुलगी आमच्याकडे राहिली होती. जाताना ती हे वेड मीराकडे ठेवून गेली.

०

साबीरभाई पहिला वार वस्तूंनी करायचे.

"ताई, चावीला गॅलिशियनमध्ये काय म्हणतात? चाबे. साबणाला? शाबोन. बादलीला? बाल्दे. पोर्तुगीज जहाजातून उतरलेले शब्द आहेत, मान्य. पण तुमच्या घरातलं अर्धं सामान तर आमचंच निघालं ना?"

मीरा वही तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "हंगेरियनमध्ये घर म्हणजे हाझ. घरात म्हणजे हाझबन. शब्दाच्या शेपटीला प्रत्यय चिकटवला की झालं, अगदी आपल्यासारखं. सामान तुमचं असेल साबीरभाई, घर आमच्या पद्धतीनं बांधलंय."

०

एकदा साबीरभाईंचे गॅलिशियन पाहुणे क्रांती चौकात गंगापूरच्या जीपपाशी उभे होते. साबीरभाईंनी ड्रायव्हरला विचारलं, "कधी निघणार?"

ड्रायव्हर म्हणाला, "तुम्हाला कधी पोचायचंय?"

साबीरभाईंनी भाषांतर केलं आणि पाहुणे हसत सुटले. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देतात म्हणून स्पेनभर त्यांचीच थट्टा होते म्हणे. त्यातले एक आजोबा ड्रायव्हरला मिठी मारून म्हणाले, "हा आमच्या गावचा."

तो रविवार साबीरभाईंचा.

०

साबीरभाईंची थोरली बहीण अधूनमधून खिम्याचे समोसे घेऊन यायची. तिला सगळेच आपा म्हणायचे. युदित आमच्याकडे होती तेव्हाची गोष्ट. बरेच दिवस ती सगळ्यांना 'आपा, आपा' म्हणताना ऐकत होती. शेवटी तिनं मीराला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हा सगळ्यांचे वडील एकच आहेत का? आणि ते ह्या बाई आहेत?"

हंगेरियनमध्ये वडिलांना 'अपा' म्हणतात.

आपाला हे सांगितलं तर तिला हसू आलं नाही. साबीरभाईंकडे बोट करून म्हणाली, "बच्ची सही बोल री. अब्बा के बाद इसको मैंइच पाली."

०

संगीता गंगापूरची. वर्गातली सगळ्यात नवी. इंग्रजी-हिंदी गाइड पैशाला पासरी, त्यामुळे तिला काम मिळत नव्हतं. तशात एका टूर कंपनीला हंगेरियन ग्रुपसाठी कायमची गाइड हवी आहे असं कळलं. तिनं हंगेरियन शिकायचं ठरवलं, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी तिला वेड्यात काढलं. तिनं मीराला एवढंच विचारलं, "इथं-ला काय म्हणत्यात?"

"इत्त."

"मग अर्धी येतीच की मला."

पुढं तिला कळलं की हंगेरियनमध्ये तो आणि ती यांना एकच शब्द आहे.

"म्हंजी दमून आला का दमून आली, कळणारच नाय?"

मीरा म्हणाली, "दमलंय एवढं कळलं तर पाणी देता येतं."

पण संगीताला खरं जिंकलं ते 'ई'नं. "पैठणची ती पैठणी, कोल्हापूरची ती कोल्हापुरी," मीरानं सांगितलं, "आणि बुडापेस्टचा माणूस तिकडं बुडापेश्ती. आता तू कोण, सांग."

"गंगापुरी," संगीता म्हणाली आणि लाजली.

०

मग मीरा गेली. संगीताचं हंगेरियन निम्म्यावर राहिलं.

पुढच्या रविवारी मी दार उघडलं तर साबीरभाई उभे. मागं संगीता. "विरोधी पक्षानं सरकार चालवायचं ठरवलंय," ते म्हणाले आणि मीराचं हंगेरियनचं पुस्तक मागून घेतलं. हंगेरियनमध्ये जोर कायम पहिल्या अक्षरावर. साबीरभाई तो गॅलिशियनसारखा शेवटाकडं नेऊन ठेवायचे. संगीता दर ओळीला तो उचलून पुन्हा पुढं आणायची. "ताई असं म्हणायच्या नाय," ती म्हणायची. साबीरभाई मान डोलवायचे आणि पुढची ओळ पुन्हा तशीच वाचायचे.

मी चहा करायचो. चहा मला तोवर येत नव्हता. कोणी तक्रार केली नाही.

०

यंदा कंपनीनं संगीताला वेरूळला चाचणीची टूर दिली. मॅनेजरनं आधीच बजावलं होतं, "पाहुण्यांनी हो म्हटलं तर काम तुझं. नाहीतर मुंबईहून माणूस आणतो." साबीरभाई आणि मी आपलं लेणी बघायला आल्यासारखं मागं मागं फिरत होतो.

कैलास लेण्यात संगीता छान बोलली. मग ग्रुपमधल्या मार्ता नावाच्या वयस्कर बाईंनी तिला काहीतरी विचारलं. संगीतानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "गंगापुरी."

 मार्ताबाईंनीही छातीवर हात ठेवला. "बुडापेश्ती."

सगळा ग्रुप हसला आणि एकेकजण आपल्या गावाला 'ई' लावून सांगू लागला.

शेवटी मार्ताबाईंनी मॅनेजरला इंग्रजीत सांगितलं, "आम्हाला हीच पाहिजे. आमच्यामागून येणाऱ्यांनाही." मग संगीताकडं वळून त्यांनी हंगेरियनमध्ये विचारलं. साबीरभाई माझ्या कानात आधी त्यांचे शब्द पुटपुटत, या वेळी जोर पहिल्या अक्षरावर ठेवून, आणि मग भाषांतर करत होते: "तुला कोणी शिकवलं? त्या बाई कुठं आहेत? मला भेटायचंय."

संगीता आमच्याकडं बघायला लागली. तिचं सगळं हंगेरियन गेलं.

"इथं," ती म्हणाली.

मार्ताबाईंनी मान डोलवली. त्यांना ते 'इत्त' नीट कळलं होतं.

साबीरभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 

"चाबी आमची," ते म्हणाले. "घर ताईंचं."