घासलेली तार

"पात्रे तिक्किद हागे तिक्किद्दाळे."

भांडी घासावीत तशी घासलीय हिनं. सायन्सच्या मिसनी माझा तार गुंडाळलेला खिळा दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवला आणि हे वाक्य टाकलं. एरवी त्या इंग्रजीतच बोलायच्या. हे मात्र मुद्दाम कन्नडात. वर्ग हसला. माझी आई बसवनगुडी भागात लोकांची भांडी घासते, हे वर्गाला ठाऊक होतं. सरकारी कोट्यातून त्या वर्गात आलेली मी एकटीच, हेही.

सातवीतली गोष्ट. घरी विद्युतचुंबक करून आणायचा होता. लोखंडी खिळा, त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, तारेच्या टोकांना सेल. सेल जोडला की खिळ्यानं टाचण्या उचलायच्या. ज्यांचे चालतील ते शाळेच्या प्रदर्शनात टेबलावर मांडणार होते. मला त्या टेबलामागे उभं राहायचं होतं. फार हवं होतं ते मला. शाळेत माझ्याशी कुणी बोलत नसे. तिथं तरी येणारा-जाणारा विचारेल, हे काय केलंस, असं वाटायचं.

बाबा पीण्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या कारखान्यात खोकी भरतात. तिथली उरलेली तार त्यांनी मागून आणली. तपकिरी, मळकट दिसणारी. निपाणीकडची माझी आई ती बघून म्हणाली, "तांबं असं ठेवत्यात व्हय? घास की जरा." आमच्याकडे तांबं म्हणजे घासायची वस्तू. मी पॉलिश पेपर घेतला आणि अख्खी तार घासली. लखलखीत केली. मग खिळ्यावर घट्ट गुंडाळली. वर्गात सेल जोडला. सेल तापला. टाचणी जागची हलली नाही.

मिसनी खिळा परत दिला. चुकलं काय, ते सांगितलं नाही. ते सांगणं त्यांचं काम होतं. त्या हसवून मोकळ्या झाल्या.

मधल्या सुट्टीत सगळे डबे घेऊन मैदानात गेले. मी एकटी मिसच्या टेबलापाशी गेले, तिथं ठेवलेले बाकीच्यांचे खिळे बघितले. सगळ्यांच्या तारा तपकिरीच. फक्त टोकं खरवडलेली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो मळ नव्हता. तारेवरचा लेप होता तो, विजेला एका वेढ्यातून शेजारच्या वेढ्यात घुसू न देणारा. मी तोच काढून टाकला होता. वीज जवळच्या वाटेनं निघून गेली, वेढे फिरलीच नाही.

बाबांनी पुन्हा तार आणली. या वेळी टोकंच खरवडली. घरी कुणी नव्हतं. सेल जोडला आणि टाचण्यांचा झुबका खिळ्याला येऊन चिकटला. मी मोठ्यानं हसले. मग लक्षात आलं, दाखवायला कुणीच नाही. रडू आलं.

प्रदर्शनाच्या सकाळी नवा खिळा घेऊन मिससमोर उभी राहिले. चालतो म्हणून सांगितलं. त्यांनी बघितलं नाही. पाहुण्यांच्या हस्ते लावायची पितळी समई काळी पडली होती. ती माझ्या हातात देत म्हणाल्या, आधी ही घास, तुला छान येतं.

समई जड होती. मी ती खाली ठेवली.

"इल्ला मिस. नानु तिक्कल्ला."

नाही मिस. मी घासणार नाही. त्या शाळेत मोठ्यानं बोललेलं माझं पहिलं वाक्य.

त्यांनी मला हॉलबाहेर काढलं. दिवसभर व्हरांड्यात उभी होते, खिळा मुठीत. लोक आत गेले, बाहेर आले. कुणी काही विचारलं नाही. घरी आई घाबरली. घासली असतीस तर हात झिजले असते का, म्हणाली. शाळेनं काढलं तर? तिचा राग आला नाही. पण आमच्याच खोलीत, तिच्याशेजारी पडून, मी इतकी एकटी कधी नव्हते.

शाळेनं काढलं नाही. आता मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आहे. लॅब संपली की अजूनही कुणीतरी झाडू माझ्याकडेच सरकवतं. मी घेत नाही. पाळ्या लावा म्हणते. माझ्या पाळीला मी झाडते.

माझं चुकलं तर चूक दाखवा. शिकेन. माझ्या आईचं काम मध्ये आणलंत, तर मी तुमच्यासमोरून हलणार नाही.