कोपऱ्यावरचा दुसरा गिअर

आमचे हे कुणावर विश्वास ठेवत नाहीत. दूधवाल्यावर नाही, इस्त्रीवाल्यावर नाही, घड्याळावर तर मुळीच नाही. घरातली दोन घड्याळं एकच वेळ दाखवायला लागली, की दोन्ही मिळून फसवतायत म्हणतात.

मी त्यांना फारसा दोष देत नाही. धंदाच तसा आहे, गाडी शिकवण्याचा. ज्याला ब्रेक कुठला नि क्लच कुठला हे कळत नाही, त्याच्या शेजारी रोज उठून बसायचं, आणि तो 'मास्तर, आता जमतंय' म्हणाला की नेमका तेव्हाच पाय तयार ठेवायचा. अर्धं आयुष्य असं काढल्यावर माणूस संशयी नाही होणार तर काय होणार? शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतात, खालून दांड्याने जोडलेले. इकडचा दाबला की तिकडचाही खाली जातो. शिकणारा क्लच दाबायला कमी पडला, तर हे आपल्या बाजूने गुपचूप पुरा दाबतात. त्या बापड्याला वाटतं, आपल्याला गाडी यायला लागली.

आणि आवाजांचं तर वेडच. जेवताना मला समजावत बसतात. न्यूट्रलला घूं घूं येतं आणि क्लच दाबला की थांबतं, म्हणजे बेअरिंग गेलं. क्लच सोडताना खालून ठक्क वाजलं, म्हणजे इंजिनाची बैठक सैल झाली. गिअर टाकताना खर्रर्र झालं, तर एक आतली कडी झिजली, नाहीतर क्लच पुरता दाबला नाही. "आवाज खोटं बोलत नाही," असं म्हणून हे दुसऱ्यांदा पाणी मागतात. मी म्हणते, आवाजाचं राहू द्या, ताटातलं गार होतंय.

आमचं घर कोपरा वळल्यावर लगेच. वळताना प्रत्येकाला दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, आणि आमची स्वयंपाकघराची खिडकी त्याच कोपऱ्यावर. संध्याकाळी ह्यांच्या गाडीचं इंजिन जरा खाली बसल्यासारखं वाटलं, की मी चहाचं आधण ठेवते. गिअर पडल्याचा आवाज कधी आलाच नाही. लग्न झाल्यापासून नाही.

एका संध्याकाळी आला. खर्रर्र. दात शिवशिवले माझे. मला वाटलं, दुसरंच कुणीतरी. बघते तर हेच, लालबुंद तोंड घेऊन दारात.

"कुणीतरी माझ्या गाडीची वाट लावलीय," हे म्हणाले.

आणि तिथून घराची पोलीस चौकी झाली. आधी संशय शिकणाऱ्यांवर. एक म्हातारे दंतवैद्य होते, ते गिअरचा दांडा दाढ उपटल्यासारखा ओढायचे; त्यांची शिकवणी थांबली. मग गॅरेजवाला. त्याने गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, "मास्तर, लोण्यासारखा पडतोय गिअर. आवाज कुठाय?"

"तुझ्याच हातात बरा येत नाही," हे म्हणाले आणि त्याच्याकडे असे बघत राहिले, की तो बिचारा हात पुसायचं विसरला.

तरी गिअरबॉक्स खोलला. कडी बदलली, ऑइल बदललं, क्लच नीट बसवला. संध्याकाळी कोपऱ्यावर पुन्हा खर्रर्र. झालं. "जुनीच कडी धुऊन बसवली असणार त्याने." संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही.

माझ्या डोक्याला तेव्हा दुसराच ताप होता. ह्यांच्या घरातल्या सपाता. डाव्या पायातली सपात वाटेतच कुठेतरी राहायची आणि हे एकाच सपातेवर घरभर फिरायचे. खोलीच्या मधोमध ती पडलेली, मी ठेचकाळायची. एकदा म्हटलं, "अहो, पायात काय आहे, काय नाही, एवढं तरी कळतं का?" ह्यांनी खाली पाहिलं, मग मागे पाहिलं, आणि विचारलं, "कुणी काढली?" मी कपाळावर हात मारला. वाटलं, वयाबरोबर वेंधळेपणा वाढतोय.

मग सुई फिरून फिरून माझ्या धाकट्या भावावर आली. सकाळच्या शिकवण्या तोच घेतो, त्याच गाडीवर. कारखाना बंद पडला तेव्हा ह्यांनीच त्याला हाताशी धरलं, शिकवून तयार केलं. घरात बायको, दोन मुली आणि आमची आई. दुसरं काम नाही आणि ह्या वयात कोण देणार? हे सगळं ह्यांना माहीत. तरी म्हणाले, "तुझा भाऊच गाडी खराब करतो. दुपारनंतरच आवाज येतो, सकाळी नाही. म्हणजे सकाळी कुणीतरी काहीतरी करतं."

एक दिवस हे न सांगता सकाळी मागच्या सीटवर जाऊन बसले. भाऊ शिकवत होता, मधेच स्वतः चालवूनही दाखवलं. एकदाही आवाज नाही. घरी येऊन म्हणतात कसे, "मी बसलो होतो म्हणून जपून चालवत होता." आता सांगा! आवाज आला तरी चोर, नाही आला तरी चोर.

भाऊ मला येऊन म्हणाला, "ताई, भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत गं. किल्ली हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात." तो हसून सांगत होता. आणि खरं सांगते, त्या रात्री माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. खरंच ह्याच्या हातून काही होत असेल तर?

रविवारी जेवता जेवता हे म्हणाले, "ह्या महिन्यानंतर तुझ्या भावाला नको. मी सांगतो त्याला." पुढे एक घास घेतला. मी मात्र ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीला कान लावला. दुपारी भाऊ गाडी आणून सोडतो, त्याच कोपऱ्यावरून. इंजिन खाली बसलं, गिअर पडला, आवाज नाही. संध्याकाळी हे आले. खर्रर्र. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गाडी तीच, कोपरा तोच. बदलत होता तो फक्त माणूस. मी खिडकीपाशी गॅसकडे पाठ करून उभी, दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

त्याच संध्याकाळी ह्यांचे बूट पुसायला घेतले. डाव्या बुटात काहीतरी खुळखुळलं. उलटा केला तर बाटलीचं पत्र्याचं झाकण पडलं, दातेरी कडांचं. मोजा पाहिला, तर टाचेपाशी रक्त वाळलेलं. दिवसभर हा माणूस त्या झाकणावर चालला होता. आणि आत बसून पेपर वाचत होता.

मी झाकण पदराला बांधलं आणि गप्प बसले. सांगितलं असतं, तर म्हणाले असते, "तूच टाकलंस." नाहीतर भावाने टाकलं.

दुसऱ्या दिवशी भावाच्या शिकवण्यांना सुट्टी होती, गाडी दारातच. सकाळी म्हटलं, "अहो, चला, गाडीतून चक्कर मारून येऊ. भावाला काय सांगायचं ते मला आधी ठरवायचंय." हे कुरकुरले, पण निघाले. ते चालवायला बसले, मी शेजारी, मास्तरांच्या जागी. ह्या जागेवर मी पहिल्यांदाच बसत होते. पायाशी दोन पॅडल. मी पाय मागे घेऊन नुसती बघत राहिले.

कोपरा आला. ह्यांनी क्लच दाबला, आणि माझ्यापुढचं पॅडल खाली जायला लागलं. अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. खर्रर्र.

"ऐकलंस?" हे म्हणाले. "बघ, काय करून ठेवलंय तुझ्या भावाने."

"पुन्हा एकदा वळा," मी म्हटलं.

वळसा घालून पुन्हा त्याच कोपऱ्यावर आलो. पॅडल पुन्हा अर्ध्यावर थांबलं. ह्या वेळी मी माझा पाय ठेवला आणि उरलेलं खाली दाबलं, ताकद लावून, तळापर्यंत. गिअर पडला. काही वाजलं नाही. जुन्या दिवसांसारखा.

ह्यांनी थोडं पुढे जाऊन गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. किती जणांना ह्या माणसाने त्याच पॅडलवरून सांभाळून घेतलं होतं; आपल्याला कुणी सांभाळून घेतलं की कसं वाटतं, हे त्यांना न सांगता कळणारच होतं.

"तू पाय लावलास?"

"लावला."

"मी पूर्ण दाबला होता."

"अर्धा दाबला होतात. मी बघत होते."

"पूर्ण दाबला होता," हे पुन्हा म्हणाले, पण आवाज बसलेला. मी पदराची गाठ सोडून झाकण त्यांच्या हातावर ठेवलं आणि ते कुठे सापडलं ते सांगितलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ आहे. दूधवाल्याकडे बघतात तीच.

"बूट काढा," मी म्हटलं.

काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी काढला. मोजाही काढला. मी त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतला. भर रस्त्यावर, गाडीत. लोक बघत जात होते. तळव्याला अंगठ्याचं नख लावलं आणि दाबलं.

"लागतंय?"

हे समोर काचेतून बघत होते. "दाब ना."

मी आणखी दाबलं. माझ्याच बोटाला कळ आली. "आता?"

"तू दाबतच नाहीयेस," हे म्हणाले. "मला बनवू नकोस."

मी हात काढला आणि पाय वळवून त्यांना दाखवला. तळव्यात नखाची चंद्रकोर उमटली होती, खोल, कडेला पांढरी पडलेली.

बराच वेळ ते त्या खुणेकडे बघत राहिले. मग स्वतःच्या बोटाने ती चाचपून पाहिली, एकदा, दोनदा. मला रडू आलं ते मी आवरलं नाही.

त्यांनी मोजा चढवला, बूट घातला, खाली वाकून नाडी नीट बांधली. मग दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. टेबलावर नाही, हातात.

"सरक तिकडे," हे म्हणाले. "दवाखाना उघडला असेल. आणि भावाला काही बोलू नकोस, त्याची माफी मी मागतो."

मी ह्यांच्याकडूनच गाडी शिकले होते, परवानाही काढला होता, पण त्यानंतर आजवर ह्यांनी मला ती चालवू दिली नव्हती. मी सीट पुढे ओढली, आरसा लावला, चालू केली. पहिला टाकला, निघालो, मग दुसरा. ह्यांचे दोन्ही पाय मागे, सीटखाली होते. पॅडलच्या जवळही नव्हते.