गेटवरचा सिंह

आमच्या म्हाळुंग्याच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आणणारे हे गृहस्थ चांद्याचे. पाइप जोडतानाही खड्या आवाजात गातात आणि गेटवरच्या भटक्या कुत्र्याला आपल्या डब्यातली पोळी घालतात. त्यावरून सेक्रेटरी रोज चिडायचे.

सर्कसमालकाच्या आयुष्यावर आम्ही संगीत नाटक बसवलं, तेव्हा त्या आवाजापायी मालक यांनाच केलं. प्रयोगात सिंहाचा वेश घातलेले सेक्रेटरी ऐनवेळी घाबरून विंगेतच थिजले. टँकरवाल्या या मालकांनी गाता गाता शीळ घातली. कुत्रं शेपूट हलवत थेट स्टेजवर!

"घाबरू नका मंडळी, सिंह हाय, पन जेवून आलाय!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली.

काल सेक्रेटरीच पोळी घेऊन गेटवर उभे. "सिंह कुठाय?"

"तालमीला गेलाय," पाइप जोडत हे म्हणाले. "तुमी बी जात जावा की."