मढच्या रस्त्यावर बंद पडणारी गाडी

"ही गाडी मी घरी नेणार नाही," असं म्हणून सिसिलिया आंटींनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या.

मरोळला एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस मॅनेजर आहे. रागावलेले ग्राहक हे माझं रोजचं काम. या बाई रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. मढहून मालाडकडे येताना त्यांची गाडी चालता चालता बंद पडायची. आमच्याकडे आणली की मात्र नीट चालायची. आमच्या लोकांनी स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारलं की काय बिघडलंय. तो म्हणाला, काही नाही. मग ग्राहकांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या आमच्या अॅडव्हायझरने जॉबकार्डवर लिहून टाकलं, ड्रायव्हिंग हॅबिट.

आमच्या धंद्यात हे दोन शब्द फार कामाचे. दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे, एवढाच त्यांचा अर्थ. पुष्कळदा ते खरंही असतं. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून गाडी रेटायची आणि क्लच जळाला की कंपनीला शिव्या घालायच्या, असे लोक रोज येतात. हँडब्रेक न काढता हायवेवरून आलेला एक डॉक्टरही माझ्या ओळखीचा आहे.

क्लच चुकीचा सोडला की इंजिन बंद पडतं, हेही मान्य. पण आंटींची गाडी ऑटोमॅटिक होती. तिला क्लचचं पेडलच नव्हतं. मग बाईंची कुठली सवय गाडी बंद पाडत होती?

मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि पहिल्यापासून सांगायला सांगितलं. आंटी मढच्याच. नवरा बोटीवर असतो, त्या घरून केकच्या ऑर्डरी घेतात. मढच्या जेटीवरून फेरीबोटीने खाडीपलीकडे वर्सोव्याला माणसं जातात, बाइक जाते, कार जात नाही. आजारी माणसाला गाडीतून न्यायचं तर मालाडला वळसा घालूनच. आंटींच्या गल्लीत रात्री-अपरात्री कोणासाठीही निघणारी गाडी ही एकच. त्या आठवड्यात शेजारच्या अॅग्नेसला कळा सुरू झाल्या म्हणून आंटी तिला घेऊन निघाल्या होत्या. एका वळणावर इंजिन बंद पडलं. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जातं आणि चाक दगडासारखं जड होतं. ब्रेकही कडक होतो. गाडी गटारापाशी कशीबशी थांबली. अॅग्नेस पुढे रिक्षाने गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण आंटींनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गाडी भाच्याने आणून दिली होती.

"तुझी माणसं मला गाडी शिकवतात," आंटी म्हणाल्या. "मला शिकव, चालेल. पण आधी तू एकदा माझ्या रस्त्यावर चालवून ये."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शेजारी बसवून स्वतः गाडी काढली. मढकडे शूटिंगच्या व्हॅन रस्ता अडवून उभ्या असतात, त्यामुळे वेग फार नव्हता. जाताना काही झालं नाही. मला वाटायला लागलं, बाईंचा भास असेल. परत फिरलो. आंटींनी सांगितलेल्या वळणावर डावीकडे वळताना चाक खड्ड्यात आदळलं आणि गाडी मेली. मीटरचे काटे खाली आले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून मी गाडी कडेला घेतली. शर्ट घामाने भिजला होता.

वर्कशॉपला आणून बॅटरीखालचा ट्रे काढला. तिथे अर्थिंगची वायर गाडीच्या बॉडीला बोल्टने जोडलेली असते. ती सैल झाली तर इंजिनाचा कॉम्प्युटर क्षणभर बेशुद्ध पडतो, आणि बेशुद्ध माणूस आपल्याला काय झालं ते लिहून ठेवत नाही. म्हणून स्कॅनरला काही सापडत नव्हतं. वायरच्या टोकावर हिरवा गंज चढला होता. खारी हवा. बोल्टची जागाच अशी होती की ओल आत शिरायची आणि तिथेच राहायची.

मी कंपनीच्या एरिया मॅनेजरला फोन केला. गंज हा हवामानाचा दोष आहे, वॉरंटीत बसत नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, गाडी आपण मुंबईत विकली. समुद्र इथे आधीपासून आहे."

मग त्यांनी तोड काढली. या बाईंची गाडी गुडविल म्हणून फुकट करून द्या, विषय मिटवा. मी आंटींना तसं सांगितलं. त्या खूश होतील असं वाटलं होतं.

"माझी होईल रे," त्या म्हणाल्या. "पण वर्सोव्यात, गोराईत हीच गाडी घेतलेली माणसं आहेत. त्यांना कोण सांगणार?"

हेच विचारायला मी आमच्या जनरल मॅनेजरकडे, सावंतसाहेबांकडे गेलो. कंपनी नाराज झाली तर डीलरची वाट लागते, हे ते मला ऐकवतील अशी तयारी ठेवूनच गेलो होतो. त्यांनी ते ऐकवलंच. मग म्हणाले, "मिलिंद, एका गाडीवर कंपनी हलत नाही. अजून गाड्या दाखव, मग फोन मी करतो."

त्यानंतर या मॉडेलची, समुद्राजवळ राहणाऱ्यांची कुठलीही गाडी सर्व्हिसला आली की मालकाला विचारून आम्ही ट्रे काढून बघायचो. सगळ्यांत गंज नव्हता. पण बऱ्याच गाड्यांत होता, आणि त्यातल्या काहींचे मालक "कधीतरी झटका मारते" म्हणून सोडून देत होते. फोटो काढून कंपनीला पाठवत राहिलो. सावंतसाहेबांनी शब्द पाळला. फोन केले, मीटिंगमध्ये उभे राहून बोलले, एकदा शब्दाला शब्दही वाढला.

कंपनी हलली. उशिरा, पण हलली. प्लांटवरून इंजिनीअर आले, त्यांनी बोल्टची जागा बदलली आणि त्यावर रबरी टोपी बसवली. किनाऱ्यावरच्या शहरांतल्या या मॉडेलच्या मालकांना मेसेज गेले, गाडी घेऊन या, काम फुकट. त्या एरिया मॅनेजरनेच नंतर मला सांगितलं की प्लांटच्या लोकांना खारी हवा माहीत होती, फक्त इतक्या लवकर तक्रार येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. तक्रारी येत होत्या. आम्हीच त्यांना दुसरं नाव देऊन बंद करत होतो.

आंटींची गाडी दुरुस्त झाली तेव्हा न्यायला भाचा आला होता. त्यांनी त्याला मागे बसवलं आणि स्वतः चालवत गेटबाहेर गेल्या.

आता नवीन अॅडव्हायझर आला की मी त्याला एवढंच सांगतो. ग्राहक गाडी का बिघडली ते सांगतो तेव्हा बहुतेक वेळा चुकतो. काय झालं ते सांगतो तेव्हा सहसा चुकत नाही. पहिलं ऐकून घ्यावं, दुसरं लिहून घ्यावं.