नवरदेवाची गाडी पुढे

मागच्या उन्हाळ्यात बहिणीच्या मुलाचं लग्न होतं. नवरी मानोऱ्याकडची. आमचं लग्न बौद्ध पद्धतीचं, मुहूर्ताची घाई नाही. अकरा म्हटलं की बारा चालतात. तरी वऱ्हाडातली कोणतीच गाडी नवरदेवाच्या गाडीपुढे जाऊ द्यायची नाही, असा नियम आमच्याकडच्या पोरांनी कधीतरी करून टाकला आहे. नवरदेव पुढे बसला होता, मी मागे दोन करवल्यांच्या मधे. गाडी त्याचा मित्र चालवत होता.

शेलूबाजार सोडलं आणि नवरदेवाच्या चुलतभावाची जीप हॉर्न वाजवत पुढे गेली. मित्राने गाडी दामटली. वळण आलं की करकचून ब्रेक, वळण गेलं की पुन्हा वेग. एका खड्ड्यात चाक असं आपटलं की माझे दात वाजले.

"बाबू, हळू चालव."

"मावशी, तुमी डोये मिटून बसा. तो आपलं नाक कापून राह्यला."

करवल्या हसल्या. तेवढ्यात जळकट वास आला. मला वाटलं, कोणीतरी धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं गवत पेटवलं असेल. पुढच्या वळणावर तोच वास, पण शेत कुठेच पेटलेलं नव्हतं.

मग उतार लागला. त्याने ब्रेक दाबला. वेग कमी झाला नाही. पुन्हा दाबला. मी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली. समोर हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर. मित्राने गियर खाली आणला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला. ट्रॉली आमच्या खिडकीजवळून हातभर अंतरावरून गेली. पुढच्या चढावर गाडी एकदाची थांबली.

उतरलो. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. मित्राने चाकांवर ओतायला पाण्याची बाटली उघडली. मी त्याचा हात धरला.

"बिडाचा तवा तापल्यावर त्याच्यावर थंड पाणी टाकतं का कोनी? तडकते तो."

"ट्रकवाले तं टाकतात."

"टाकू दे त्यायले."

फोन वाजला. चुलतभाऊ ओरडत होता, "पोचलो आमी! तुमी कुठीसा मेले?"

नवरदेवाचा चेहरा पडला. "मावशी, पाचच किलोमीटर राह्यले. थंड झाली की जाईन ना गाडी."

"अन् तो टायर?"

"तेवढं चालते."

मी किल्ली काढून ब्लाऊजमध्ये टाकली. आता मागायची कोणाची हिंमत नव्हती.

थोड्या वेळाने बायकांचा टेम्पो आला. मित्राला गाडीजवळ ठेवलं, मेकॅनिकला फोन केला आणि करवल्यांना आणि नवरदेवाला टेम्पोत चढवलं. बायका खिदळल्या, "या, आमच्यात बसा!" तो हसला नाही. पहिल्याच उतारावर त्याने माझं मनगट घट्ट धरलं. माझाही पाय टेम्पोच्या फळीवर दाबला गेला होता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "याचे ब्रेक लागतात ना?"

"इचारून घे."

आणि शेरवानी घातलेल्या माझ्या भाच्याने, सगळ्या बायकांसमोर, ड्रायव्हरला ओरडून विचारलं.