न पाहिलेल्या गावाची ओळख

"हा मेयर तर निवडणुकीत पडलाय," कदम सर म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. मी लिहिलेलं प्रोफाइल अमेरिकेतून परत आलं होतं.

बारामतीत एमआयडीसीजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही अमेरिकेतल्या लहान शहरांची कम्युनिटी प्रोफाइल लिहितो. म्हणजे गाव कसं वसलं, तिथली माणसं कोण, काय करतात, याची ओळख. तिथं राहायला जाऊ पाहणारी कुटुंबं ती वेबसाइटवर वाचतात. मी कोऱ्हाळे बुद्रुकची. घरात पदवी घेतलेली मीच पहिली. तेव्हा मी प्रोबेशनवर होते, म्हणजे नोकरी कच्ची. हे शहर जमलं तर पक्की होणार, नाही तर घरी. वडिलांनी, आबांनी, मात्र "पोरगी कायम झाली" म्हणून आळीभर सांगून टाकलं होतं.

शहराचं नाव करारामुळं सांगता येत नाही. सपाट रान, बिटाची साखर करणारा, आता बंद पडलेला कारखाना आणि त्याच्या आसऱ्यानं वाढलेली वस्ती. इंटरनेटवर तिथल्या रस्त्यांचे फोटो आहेत. बाणावर क्लिक केलं की थोडं पुढं जाता येतं. मी दुपारभर त्या गावातून चालत राहायचे. एकसारख्या घरांची ओळ लागली की मामांच्या वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आल्यासारखं वाटायचं. माणूस मात्र दिसायचा नाही. तिथलं ऊन कधी कलायचं नाही. एका अंगणात दोरीवर निळी चादर वाळत होती, ती रोज तशीच. घरी जाताना एसटीच्या खिडकीतून तुरे आलेला ऊस दिसायचा. डोळा लागला की त्या उसातूनच तिकडचा रस्ता निघायचा.

पहिला मसुदा मी आबांना वाचून दाखवला होता.

"सरपंच न्हाय आला त्यात," आबा म्हणाले.

"मेयर म्हणतात त्याला."

"मंग त्यो वर घे की. गावाची माहिती म्हंजी आधी मानाची माणसं."

आमच्याकडं शाळेच्या स्मरणिकेपासून जत्रेच्या पत्रिकेपर्यंत असंच असतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मेयर वर घेतला, त्याखाली कौन्सिलचे सगळे सदस्य, 'कर्तबगार नेतृत्वाखाली'सकट.

"तिथल्या म्युझियमच्या बाई ही पानं तपासतात," सर म्हणाले. "त्या लिहितात, हे आमचं गाव नाही, आमच्या पुढाऱ्यांची यादी आहे. अगं, तू प्रोफाइल लिहिलंस की फ्लेक्स लावलास?"

"दुरुस्त करते, सर."

"शुक्रवारपर्यंत. पुन्हा परत आलं तर मला वर तुझ्यासाठी काही बोलता यायचं नाही."

मेयर काढला. कौन्सिल काढलं. उरले आकडे आणि कारखाना. आमच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ठरलेल्या साच्यात, 'समाजजीवन' असा एक भाग असतो. तो रिकामाच राहिला. शेवटी मी सरांना विचारलं, "बाईंना फोन करू का?"

"इंग्रजी झेपेल?"

"हळू बोलेन."

आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. बाईंचं नाव डोरोथी. मी लिहून आणलेले प्रश्न विचारले. त्या प्रत्येकाला "ते वेबसाइटवर आहे" म्हणाल्या. प्रश्न संपले. मग तोंडातून निघून गेलं, "तुमच्याकडं एखाद्या घरी मयत झालं, तर तिथं जेवण कोण आणतं?"

आमच्याकडं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारची माणसं पिठलं-भाकरी घेऊन येतात.

वाटलं, गेली नोकरी.

"माझे मिस्टर गेले तेव्हा," त्या सावकाश म्हणाल्या, "दारात इतकी भांडी आली की फ्रीजचं दार लागेना. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर नाव. परत कुणाला द्यायचं ते कळायला."

"आम्ही नाव कोरूनच घेतो."

त्या हसल्या. "हुशार आहात. आणि परत देताना?"

"रिकामं नाही द्यायचं."

"छे! रिकामं कसं देणार?"

मग त्या बोलतच राहिल्या. एका गल्लीत जर्मन घरं होती. दुसरीत मेक्सिकोहून बीट खुरपायला आलेली माणसं. दोन्हीकडं येणंजाणं नव्हतं. कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात एक म्हातारा मुकादम वारला, आणि दोन्ही गल्ल्यांतली भांडी पहिल्यांदा एका ओट्यावर आली. बाहेर उजेड कमी होत होता. मला वाटत होतं, मी त्याच ओट्यावर बसले आहे आणि आतून कुणीतरी माझं नाव विचारतंय.

मी सगळं प्रोफाइल त्या भांड्यांवरून लिहिलं.

"कारखान्याच्या गावाची ओळख भांड्यांवरून?" सरांनी कपाळाला हात लावला.

"पाठवून तर बघू, सर."

शुक्रवारी उत्तर आलं. 'हे आम्ही आहोत. काही बदलू नका. फक्त तिसऱ्या परिच्छेदातलं निळं भांडं माझं नव्हे, शेजारणीचं.'

तेवढं दुरुस्त केलं. महिनाअखेर मी कायम झाले.

"सरपंच ठिवला का?" आबांनी विचारलं.

"काढला."

"मंग गाव चालतंय कसं?"

मयताच्या घरी जेवण कोण आणतं, हा माझा प्रश्न आता आमच्या टेम्प्लेटमध्येच घातला आहे. नवीन मुलं त्यापुढं 'माहिती उपलब्ध नाही' लिहून मोकळी होतात. मी त्यांना फोनकडं बोट दाखवते.