चाक पुढे, सायमा मागे

टाउनो कांगासचा उजवा खांदा काही एका दिवसात कामातून गेला नव्हता. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातून जन्मभर जाळी ओढली, मोटरचा दांडा धरून लाटांशी झटापट केली, त्यात तो हळूहळू झिजत गेला. पण टाउनोने त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. फिनलंडहून येऊन आमच्या काठावर वसलेल्या फिन माणसांची ही जुनी खोड आहे. दुखलं तर दात दाबायचे, मेलं तर पुरायचं, आणि दोन्हींबद्दल बोलायचं नाही.

बायकोपासून मात्र काय लपणार? नावेत सायमा त्याच्या समोर बसायची. तो शेपटाकडे मोटरपाशी, ती मधल्या फळीवर, तोंड त्याच्याकडे. लाट आली की त्याचा हात कसा थरथरतो आणि तो डाव्या हाताने उजवं मनगट कसं सावरतो, हे तिने केव्हाच हेरलं होतं.

"म्हाताऱ्या, तुझा खांदा गेलाय," एका संध्याकाळी कॉफी ओतताना ती म्हणाली.

"आहे की जागेवर."

"गंजका खिळासुद्धा जागेवरच असतो."

टाउनोने साखरेचा खडा दातांत धरला आणि कॉफीचा घोट घेतला. म्हणजे विषय संपला. पण तो संपण्यासारखा नव्हता. नाव चालवता आली नाही तर मासेमारी बंद, आणि मासेमारी बंद झाली की मुलीकडे डेट्रॉइटला जायचं. तिने खोली तयारच ठेवली होती. त्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्या घराची भिंत दिसते, एवढं टाउनोने एकदा पाहून ठेवलं होतं. तिथे जाऊन बसण्यापेक्षा खाडीत बुडालेलं बरं, असं तो मनात म्हणे.

शेवटी तोड काढली ती सायमानेच. "नावेला चाक बसव. मोटारीसारखं. एका बोटाने फिरेल. आणि बसव पुढे, काचेच्या आडोशाला. मागे बसून वारा खातोस, म्हणून खांदा आखडतो."

नाव टाउनोच्या वडिलांनी बांधलेली, देवदाराची. मोटर जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, हाताने वळवायची. तिला केबल जोडायची म्हणजे म्हाताऱ्या घोड्याला नवा लगाम शिकवायचा. मोटर ज्या आडव्या नळीवर वर-खाली हलते, त्याच नळीतून केबलचा दांडा जायला हवा, आणि ती नळी तर गंजाने बुजलेली. टाउनोने तिच्यात रॉकेल ओतून ठेवलं, मग सळईला पॉलिश पेपर गुंडाळून ती आतून घासत राहिला. केबल किती लांब हवी हे ठरवायला त्याने सायमाची कपडे वाळत घालायची दोरी नावेच्या काठाकाठाने धरली. ती म्हणाली, "तेवढी दोरी परत आण, नाहीतर ओले कपडे तुझ्याच अंगावर वाळवीन."

शेजारचा एन्सिओ रोज येऊन उभा राही. मदत कमी, शेरे जास्त. "काय टाउनो, साहेब झालास! आता टोपी घाल आणि आम्हाला सलाम करायला लाव."

पहिल्या दिवशी चाक डावीकडे फिरवलं तर नाव उजवीकडे वळली आणि धक्क्याला जाऊन आदळली. चाकामागच्या डब्यात केबल उलट्या बाजूने घातली गेली होती. काठावर सायमा पोट धरधरून हसली. इतकी हसली, की टाउनोलाही हसू आलं. तो तोंड फिरवून हसला, पण तिने ते पाहिलंच. त्याने डबा उघडून केबल दुसऱ्या बाजूने घातली. मग मात्र नाव अशी वळू लागली, की लोणी कापावं.

नोव्हेंबरात हेरिंग मासे काठाजवळ येतात. वर्षाची सगळी कमाई त्या थोड्या दिवसांत. बोटं गोठतात, नावेच्या काठावर बर्फाचा थर चढतो, तरी जावंच लागतं.

त्या शनिवारी निघण्यापूर्वी सायमा म्हणाली, "निदान यंदाचा हिवाळा पोरीकडे काढू. वसंतात परत येऊ."

टाउनोच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा खटाटोप करून चाक बसवलं, ते कशासाठी? "तुला जायचं तर तू जा. मी अडवत नाही," तो म्हणाला.

तिने लोकरी हातमोजे चढवले. दोघं नावेत बसले. आता तो पुढे, चाकापाशी. ती मागे, जाळ्यांच्या पेटीवर.

नावेत बोलायचं नाही, हा आमच्याकडे बापजाद्यांचा नियम. बोललं की मासा ऐकतो, असं म्हणतात. टाउनो आणि सायमाने तो जन्मभर पाळला, आणि त्यांचं कधी काही अडलं नाही, कारण ते समोरासमोर होते. तो नाव वळवणार असला की त्याचं कोपर आधी हले, आणि ते पाहून ती काठ धरी. हे दोघांपैकी कुणी ठरवलं नव्हतं. म्हणूनच ते आता राहिलं नाही, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जाळी भरून आली होती. त्यांनी मासे पेटीत भरले आणि परत फिरले. वाटेत एकदम पुढ्यात लाकडाचा ओंडका दिसला, अर्धा पाण्याखाली, काळाभोर. टाउनोने चाक झटक्याने फिरवलं. नाव एका बोटावर वळली आणि ओंडका बाजूने निघून गेला. दांडा असता तर खांद्याने दगाच दिला असता. टाउनोला मनापासून आनंद झाला. मागे वळून म्हणावं, बघितलंस म्हातारे?

पण तो वळला नाही. सकाळचा राग होता. ती रुसली आहे, रुसू दे. आधी बोलायचं ते तिने बोलावं. तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. मोटर घरघरत होती, काच वारा अडवत होती, खांदा दुखत नव्हता. मागे सायमा गप्प होती, आणि नावेत गप्प असणं हे तर आमच्याकडे शहाण्या माणसाचं लक्षण.

खाडीच्या तोंडापर्यंत तो तसाच आला. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या खोपटाच्या, धुराड्यातून धूर निघत होता. सायमाने सांगून ठेवल्याप्रमाणे एन्सिओची बायको हिल्मा हिने विस्तव चालू ठेवला होता. धक्क्यापाशी टाउनोने मोटर बंद केली आणि न वळताच नाव बांधायची दोरी धरायला हात मागे केला. दोरी नेहमी सायमा द्यायची.

हातात काही आलं नाही.

पेटीवर तिचा एक लोकरी हातमोजा पडला होता. नावेच्या काठावरच्या बर्फावर ओरखडे होते.

खाडीतल्या सगळ्या नावा गेल्या. ओंडका सापडला. सायमा सापडली नाही. त्या पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून ते कुणी बोललं नाही. पुरुष परतले तेव्हा सौना धगधगत होती. आत कुणी गेलं नाही. ती आपली आपण निवली.

तिने हाक मारली असेल. मोटरच्या आवाजात ती ऐकू आली नसेल. किंवा मासा ऐकेल म्हणून तिने मारलीच नसेल. टाउनोला या दोन्ही गोष्टी सारख्याच असह्य होत्या.

तो डेट्रॉइटला गेला नाही. मुलगी न्यायला आली, रडली, परत गेली. नाव त्याने काठावर पालथी घातली. पायवाटेवर कुणी मागून येत असलं, की तो थांबून त्याला पुढे जाऊ देऊ लागला. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागला. लोकांनी हसण्यावारी नेलं नाही, एवढं खरं.

बर्फ वितळलं तेव्हा एन्सिओ आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याचा गुडघा गेला होता, वाकडं बसून मोटरचा दांडा धरवत नव्हता, आता हिल्माच जाळ्यांवर त्याच्याबरोबर येणार होती. "तुला विचारायला जीभ रेटत नाही रे," तो म्हणाला. "पण केबल बसवणारा या काठावर दुसरा कोण आहे?"

टाउनोने अवजारांची पेटी उचलली.

त्याने नळी साफ केली, केबल मापली, डब्यात योग्य बाजूने घातली. मग चाकाची फळी घेऊन तो मोटरजवळ, अगदी शेपटाकडे गेला आणि तिथे खुणा करू लागला.

"अरे, चाक पुढे बसवतात," एन्सिओ म्हणाला. "इथे शेपटाला चाक? लोक हसतील."

"हिल्मा कुठे बसणार?"

"ती? मधल्या फळीवर."

"मग चाक तिच्या मागे." टाउनोने स्क्रू पिळायला घेतला. खांदा दुखत होता, तरी पिळत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "आणि नावेत बोलत जा तिच्याशी. मासे गेले तर जाऊ देत."